अभ्यासात पुढे असलेल्या विद्यार्थ्यांना शिकवताना

अभ्यासात वर्गाच्या बऱ्याच पुढे असलेल्या विद्यार्थ्याबद्दल शिक्षकांच्या खोलीत दोन मते हमखास ऐकू येतात. एक असे की, अशा मुलाला शिक्षकाची फारशी गरज नसते, तो आपला आपण शिकतो. दुसरे असे की, त्याला इतरांपेक्षा जास्त काम दिले की शिक्षकाची जबाबदारी संपते. या दोन्ही मतांमुळे त्या विद्यार्थ्याचे नुकसान होते, आणि ते गुणपत्रिकेत दिसत नसल्यामुळे वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षातही येत नाही. अशा विद्यार्थ्याला शाळेत सहसा जे मिळत नाही ते म्हणजे खरीखुरी अडचण, म्हणजेच ज्यापुढे त्याला थांबावे लागेल, चुकावे लागेल आणि पुन्हा विचार करावा लागेल असे काम. ही अडचण नेमकी कोणती ते ओळखणे, ती नियमितपणे त्याच्यापुढे ठेवणे आणि तो अडलेला असताना उत्तर न सांगता त्याच्याजवळ टिकून राहणे ज्याला जमते, तो अशा विद्यार्थ्यांचा चांगला शिक्षक. पदव्या, वक्तृत्व, कडक शिस्त या सगळ्या गोष्टींचा विचार त्यानंतर करावा.

आधी काय येते ते शोधावे

कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधील मानसशास्त्रज्ञ लीटा हॉलिंगवर्थ यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असामान्य बुद्धीच्या मुलांचा दीर्घकाळ अभ्यास केला. सर्वसाधारण प्राथमिक वर्गात १४० बुद्ध्यंक असलेल्या मुलाचा निम्मा वेळ वाया जातो आणि १७०च्या वर असलेल्या मुलाचा जवळजवळ सगळाच वेळ वाया जातो, असे त्यांनी नोंदवले आहे. बुद्ध्यंकाच्या मोजमापाविषयी मतभेद असू शकतात. वेळ वाया जाण्याच्या कारणाविषयी मात्र शंका नाही. जे त्या मुलाला आधीच येते तेच त्याला पुन्हा शिकवले जाते. म्हणून शिकवायला सुरुवात करण्यापूर्वी त्याला काय येते हे शोधणे, हे पहिले काम.

त्यासाठी सोपा मार्ग आहे. घटकाच्या शेवटी जी चाचणी घ्यायची, त्याच धर्तीची चाचणी घटक सुरू होण्याआधी घ्यावी आणि ती संपूर्ण वर्गाला द्यावी. निवडक मुलांनाच दिली तर आपला अंदाज बोलक्या, टापटीप, हात वर करणाऱ्या मुलांकडे झुकतो आणि ज्याच्या वह्या अर्धवट असतात, जो खिडकीबाहेर पाहत बसतो, तो सुटून जातो. अनेकदा वर्गात सर्वांत पुढे असलेला विद्यार्थी नेमका तोच असतो.

ज्याने ही चाचणी पूर्ण बरोबर सोडवली, त्याच्याबद्दल मात्र अजून फारसे काही कळलेले नसते. आपल्या चाचणीची धाव कुठे संपते एवढेच त्यातून कळते, त्याची कुठे संपते ते नाही. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९७१मध्ये सुरू केलेल्या अभ्यासाचा पाया हाच होता. त्यांनी बारा-तेरा वर्षांच्या मुलांना महाविद्यालयीन प्रवेशासाठी असलेली, म्हणजे चार-पाच वर्षांनी मोठ्या विद्यार्थ्यांची, परीक्षा दिली. वर्गाच्या चाचणीत जी मुले एकाच पातळीवर दिसत होती, त्यांच्यात या परीक्षेने फार मोठे अंतर दाखवले. शिक्षकाने एवढी मोठी व्यवस्था उभारण्याची गरज नाही. पुढच्या एक-दोन इयत्तांच्या चाचण्या हाताशी ठेवाव्यात आणि विद्यार्थी पहिल्यांदा जिथे अडखळतो तिथपर्यंत जावे. मग स्टॅन्ली करत त्याप्रमाणे चुकलेल्या प्रश्नांचे नीट विश्लेषण करून फक्त तेवढ्या उणिवा भरून काढाव्यात. तीन प्रश्न चुकले म्हणून सगळा धडा पुन्हा शिकवण्याचे कारण नाही.

येथे एक सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. उत्तर बरोबर येणे आणि विषय समजणे यांत फरक असतो, आणि झटपट शिकणारी मुले नियम इतक्या लवकर आत्मसात करतात की त्यांच्या बाबतीत हा फरक सहज झाकला जातो. अपूर्णांकांचे भागाकार अचूक करणाऱ्या विद्यार्थिनीला विचारावे की, पाऊणला अर्ध्याने भागल्यावर दीड येते, म्हणजे भागाकार करूनही उत्तर मूळ संख्येपेक्षा मोठे येते, ते का? दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणायचे एवढेच ती सांगत असेल, तर तिला रीत आली आहे, अर्थ यायचा आहे. पाऊणमध्ये अर्धा किती वेळा मावतो हे ती आकृती काढून दाखवू शकली, आणि ज्या प्रसंगी असा भागाकार करावा लागेल असे उदाहरण तिने स्वतः रचले, तर हा घटक तिला पुन्हा शिकवू नये. पूर्वचाचणीच्या कागदाला असे पाच मिनिटांचे तोंडी संभाषण जोडल्याशिवाय काहीही वगळण्याचा निर्णय घेऊ नये.

वगळण्याची भीती बहुतेक शिक्षकांना वाटते आणि ती समजण्यासारखी आहे. पुढे परीक्षेत गुण कमी झाले तर जबाबदार कोण, हा प्रश्न त्यांच्यापुढे असतो. कनेक्टिकट विद्यापीठात सॅली रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला याच प्रश्नाचा अभ्यास केला. अभ्यासात पुढे असलेल्या निवडक विद्यार्थ्यांसाठी शिक्षकांनी काही विषयांतला सुमारे ४० ते ५० टक्के भाग वगळला, तरी त्या विद्यार्थ्यांची चाचण्यांतली कामगिरी खालावली नाही. तेव्हा पुरावा हातात ठेवून, काय वगळले आणि कशाच्या आधारावर हे लिहून ठेवून वगळावे. ती नोंद मुख्याध्यापकांना आणि पालकांना दाखवता येते.

मोकळ्या झालेल्या वेळात काय द्यावे

येथे सर्वाधिक चुका होतात. दहा उदाहरणे लवकर सोडवणाऱ्याला आणखी वीस उदाहरणे दिली, तर लवकर काम केल्याची शिक्षा मिळते हे तो आठवडाभरात ओळखतो आणि मुद्दाम सावकाश काम करू लागतो. मागे पडलेल्या मुलांना शिकवायला त्याला रोज बसवणे हाही तितकाच चुकीचा उपाय आहे. दुसऱ्याला समजावून सांगताना स्वतःची समज पक्की होते हे खरे, आणि अधूनमधून असे काम सर्वांनीच करावे. परंतु रोजचे तास त्यात गेले तर शाळेने त्याला शिकवण्याऐवजी त्याच्याकडून शिक्षकाचे काम करवून घेतले, असाच त्याचा अर्थ होतो.

द्यायचे काम त्याच विषयाच्या आत खोल जाणारे असावे, वर्गाच्या कामाशी त्याचा धागा जुळलेला असावा, आणि वेगाने काम करण्याची सवय तिथे उपयोगी पडू नये. गुणाकार आणि अवयव शिकवताना असा प्रश्न देता येतो: १ ते १०० या सर्व संख्यांचा गुणाकार केला, तर उत्तराच्या शेवटी किती शून्ये येतील? प्रत्यक्ष गुणाकार करून हे कोणालाही झेपणार नाही, त्यामुळे थांबणे भागच पडते. शून्य येते ते २ आणि ५ यांच्या जोडीमुळे, दोनांची वाण नाही, म्हणून पाच किती वेळा येतो तेच मोजायचे, हे ज्याच्या ध्यानात येते तोही पहिल्यांदा २० असे उत्तर देतो. कारण २५, ५०, ७५ आणि १०० यांत पाच दोनदा येतो हे निसटते. बरोबर उत्तर २४ आहे. ते आले की काम संपले असे मानू नये. पुढचा प्रश्न विचारावा: १पासून सुरू होणाऱ्या अशा गुणाकाराच्या शेवटी नेमकी पाच शून्ये कधी येतील? १ ते २४ या संख्यांच्या गुणाकारात चार शून्ये येतात आणि १ ते २५च्या गुणाकारात एकदम सहा, म्हणजे पाच कधीच येत नाहीत. ‘अशी संख्याच नाही’ हे उत्तर असू शकते, आणि ते सिद्ध करावे लागते, हा अनुभव बहुतेक हुशार मुलांना शाळेत फार उशिरा मिळतो.

विज्ञानात तयार प्रयोग पार पाडण्याऐवजी आपले म्हणणे खोटे ठरू शकेल असा प्रयोग आखायला सांगावे. लंबकाच्या गोळ्याचे वजन वाढवल्यास दोलनकाल बदलतो का, हे तपासताना विद्यार्थी मोठा गोळा लावतो आणि त्याला थोडासा फरक आढळतो. दोरा तेवढाच ठेवला तरी मोठ्या गोळ्याचा मध्य खाली सरकतो आणि लंबकाची लांबी वाढते, ही गोष्ट शिक्षकाने आधी सांगू नये. पुस्तकातला नियम आणि हातातले मोजमाप यांत मेळ बसत नसताना त्याने काय करायचे, हेच तर त्याला शिकायचे आहे. इतिहासात एकाच घटनेची दोन परस्परविरोधी वर्णने द्यावीत आणि प्रत्येक लेखकाला त्यातले काय प्रत्यक्ष माहीत असणे शक्य होते, ते वेगळे काढायला लावावे. भाषेत निर्दोष निबंध लिहिणाऱ्या मुलीला तो निम्म्या शब्दांत पुन्हा लिहायला सांगावा, किंवा स्वतःला न पटणारी बाजू अशी मांडायला सांगावी की, ती बाजू मानणाऱ्यालाही त्यात आपले म्हणणे नीट आले आहे असे वाटावे.

अडलेल्या विद्यार्थ्याजवळ कसे थांबावे

माझ्या मते चांगल्या शिक्षकाची खरी कसोटी येथे लागते. ज्या मुलाला पहिली अनेक वर्षे कशातच अडले नाही, त्याच्या मनात हुशार असणे म्हणजे न अडणे असे समीकरण तयार होते. मग पहिल्यांदा खरे अवघड काम समोर आले की तो घाबरतो, चिडतो, ‘हे कंटाळवाणे आहे’ म्हणून बाजूला सारतो किंवा वही हरवल्याचे सांगतो. शिक्षकाला हा उद्धटपणा वाटतो, प्रत्यक्षात ती भीती असते. त्यामुळे अवघड काम देण्याच्या पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे की, हे काम आज पूर्ण होईल अशी अपेक्षा नाही, आणि कुठपर्यंत विचार पोचला ते कागदावर लिहून देणे हाच आजचा स्वाध्याय आहे. अर्धवट प्रयत्न कागदावर उतरवायला ही मुले फार नाखूश असतात, कारण त्यांच्या वह्यांत आजवर फक्त बरोबर उत्तरेच लिहिली गेलेली असतात.

मदत करण्यालाही क्रम हवा. विद्यार्थी अडला की प्रथम त्याने काय काय करून पाहिले ते विचारावे आणि ऐकताना मध्ये बोलू नये. सांगता सांगताच निम्म्या वेळा त्याला पुढची वाट दिसते. नाही दिसली, तर तोच प्रश्न लहान संख्यांवर किंवा सोप्या स्थितीत करून पाहायला सुचवावे, जसे वरच्या गणितात १००ऐवजी १० किंवा ३० घेऊन. त्यानेही भागले नाही, तर पूर्वी सोडवलेल्या कोणत्या प्रश्नाशी याचे साम्य आहे ते विचारावे. नवे साधन किंवा सूत्र सांगणे हा सर्वांत शेवटचा उपाय, आणि तेही सांगितल्यावर उरलेली वाट त्यालाच चालू द्यावी. मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांतल्या संवादांचा अभ्यास केला, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात असे आढळले. ही वेळ तीन सेकंदांपर्यंत नेली की विद्यार्थ्यांची उत्तरे लांब आणि अधिक विचारपूर्वक होतात. खऱ्या अवघड प्रश्नाला तीन सेकंदही पुरत नाहीत. तिथे दिवस द्यावे लागतात, आणि त्या दिवसांत विद्यार्थी काहीच करत नाही असे बाहेरून वाटले तरी शिक्षकाने उत्तर सांगण्याचा मोह आवरावा लागतो.

शेऱ्यांची भाषाही बदलावी लागते. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक यांनी १९९८मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सुरुवातीच्या यशानंतर बुद्धीची स्तुती झालेल्या पाचवीच्या मुलांनी पुढे आपल्याला सहज जमेल असे काम निवडण्याकडे कल दाखवला, आणि मध्ये अपयश आल्यावर त्यांची कामगिरी मेहनतीची स्तुती झालेल्या मुलांपेक्षा खाली गेली. म्हणून ‘किती हुशार आहेस’ हा शेरा टाळावा. परंतु त्याच्या जागी ‘छान मेहनत केलीस’ असे यांत्रिकपणे लिहिणेही बरोबर नाही, कारण मेहनत झालेली नसेल तर विद्यार्थ्याला ते लगेच कळते आणि शिक्षकाच्या शब्दावरचा त्याचा विश्वास उडतो. कामाविषयी नेमके लिहावे: ‘दुसऱ्या पायरीत तू २५चा विचार वेगळा केलास, तिथे उत्तर सुटले’, ‘तिसऱ्या परिच्छेदातला दावा तुझ्या पुराव्यापेक्षा मोठा आहे’. अशा विद्यार्थ्यांना कडक शेरा आवडतो, अट एवढीच की शेरा देणाऱ्याने त्यांचे काम शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेले असावे.

शिक्षकाचे स्वतःचे ज्ञान आणि त्याची मर्यादा

विषयाचे ज्ञान पाठ्यपुस्तकाच्या पलीकडे काही अंतरापर्यंत असलेच पाहिजे. अनपेक्षित रीतीने आलेले उत्तर बरोबर आहे की चूक, हे ज्याला ओळखता येत नाही तो शिक्षक आपोआप पुस्तकातल्या रीतीचा आग्रह धरतो, आणि अभ्यासात पुढे असलेल्या विद्यार्थ्याला सर्वांत जास्त जाचतो तो हाच आग्रह. सर्व पायऱ्या लिहूनच दाखव, असे सांगण्याआधी त्यामागचे कारण तपासावे. युक्तिवाद दुसऱ्याला कळावा यासाठी पायऱ्या हव्या असतील तर त्या जरूर मागाव्यात. मात्र शिकवताना प्रत्येक बारीक पायरी सांगत गेल्याने नवशिक्याला जी मदत होते, तीच जाणकाराला अडथळा ठरते, असे स्लावा कल्युगा, जॉन स्वेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३मध्ये मांडले. अनावश्यक स्पष्टीकरण वाचून ते आपल्या माहितीशी जुळवण्यातच जाणकाराची शक्ती खर्च होते. त्याला पूर्ण सोडवलेले उदाहरण देण्यापेक्षा थेट प्रश्न द्यावा.

तरीही काही विद्यार्थी शिक्षकाच्या पुढे जातात. बुडापेस्टच्या लुथेरन शाळेतले गणिताचे शिक्षक लास्लो रात्झ यांचे वर्तन अशा वेळी डोळ्यांपुढे ठेवण्यासारखे आहे. १९१०च्या दशकात त्यांच्या वर्गात जॉन फॉन नॉयमन हा, पुढे जगप्रसिद्ध गणितज्ञ झालेला, मुलगा आला. याला शाळेच्या गणितात अडकवून ठेवणे अन्याय होईल हे रात्झ यांनी लवकर ओळखले, मुलाच्या वडिलांशी बोलणी केली आणि विद्यापीठातल्या गणितज्ञांकडून त्याला स्वतंत्रपणे शिकवण्याची व्यवस्था केली. गाबोर सेगो हे त्यांपैकी एक. इतर विषयांसाठी तो मुलगा आपल्या वयाच्या मुलांबरोबर त्याच शाळेत राहिला. त्याच शाळेत शिकलेल्या यूजीन विग्नर यांना रात्झ यांनी वाचायला पुस्तके दिली, आणि १९६३चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या विग्नर यांनी या शिक्षकाचे ऋण आयुष्यभर मानले. एकाला विद्यापीठाकडे नेणे आणि दुसऱ्याला पुस्तके देणे हे दोन वेगळे निर्णय आहेत, आणि ते घेण्यासाठी स्वतः नोबेलच्या तोडीचा असावे लागत नाही. ‘मला हे येत नाही, आपण शोधू’ एवढे मोकळेपणाने म्हणता यावे लागते, आणि योग्य माणूस कोण हे शोधण्याचे कष्ट घ्यावे लागतात.

बेंजामिन ब्लूम यांनी १९८५मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात गणित, मज्जासंस्थेचे संशोधन, पियानो, शिल्पकला, पोहणे आणि टेनिस या क्षेत्रांत तरुणपणीच फार वर पोचलेल्या सुमारे १२० व्यक्तींच्या जडणघडणीचा मागोवा घेतला. त्यांचे पहिले शिक्षक क्वचितच त्या क्षेत्रातले दिग्गज होते. ते मायाळू होते आणि विषयाची गोडी लावणारे होते. काटेकोर, अचूकतेचा आग्रह धरणारे शिक्षक नंतर आले, आणि क्षेत्रातले अग्रणी त्याहूनही नंतर. लहान मुलाला पहिल्याच वर्षी नामवंत, कठोर गुरूकडे सोपवण्याची घाई करणाऱ्या पालकांना हे अवश्य सांगावे.

वय विसरू नये

दहा वर्षांचा मुलगा पंधराव्या वर्षीची गणिते सोडवतो म्हणून हरल्यावर रडू नये, हस्ताक्षर वळणदार असावे किंवा दप्तर नीट लावलेले असावे, अशी अपेक्षा करणे चूक आहे. बुद्धीची वाढ, भावनांची वाढ आणि हातांचे कौशल्य यांचा वेग त्याच्यात वेगवेगळा असतो. विचार पुढे आणि हात मागे असल्याने लिहिण्याचा त्याला तिटकारा असू शकतो. तेव्हा काही उत्तरे तोंडी घ्यावीत किंवा टाइप करू द्यावीत. काही अत्यंत बुद्धिमान मुलांना वाचन-लेखनातली अक्षमताही असते. बुद्धीच्या जोरावर ती अक्षमता झाकली जाते, अक्षमतेमुळे बुद्धी दिसत नाही, आणि मूल सामान्य म्हणून वर्गात बसून राहते. तोंडी उत्तरे आणि लेखी कामगिरी यांत मोठी तफावत दिसली की आळशीपणाचा शेरा मारण्याआधी तज्ज्ञाकडून तपासणी करवून घ्यावी.

वर्गातल्या वर्गात केलेले बदल अपुरे पडत असतील, तर एखाद्या विषयासाठी वरच्या वर्गात बसवणे किंवा एक इयत्ता पुढे नेणे हा मार्ग खुला ठेवावा. जेम्स कुलिक आणि चेन-लिन कुलिक यांनी १९८४मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा पुढे नेलेले विद्यार्थी नव्या वर्गातल्या तितक्याच हुशार मुलांच्या बरोबरीने टिकले आणि आपल्या वयाच्या, पुढे न नेलेल्या समान क्षमतेच्या मुलांपेक्षा जवळजवळ एका वर्षाने पुढे गेले. अर्थात, मुलाची स्वतःची इच्छा नसेल तर हा निर्णय घेऊ नये, आणि त्याचे मोठे भावंड त्याच वर्गात असेल तर टाळावा.

गुण देताना एकच काळजी घ्यावी: अवघड काम स्वीकारल्यामुळे कोणाचे वार्षिक गुण घटता कामा नयेत. वर्गाच्या घटकाचे गुण पूर्वचाचणीवरून द्यावेत आणि त्यापुढच्या अवघड कामावर गुणांऐवजी लेखी शेरा द्यावा.

वर्ष संपताना पुढच्या शिक्षकासाठी एका पानाची नोंद तयार करावी, नाहीतर नव्या वर्गात सगळे पहिल्यापासून सुरू होते आणि तो विद्यार्थी पुन्हा काही महिने येते तेच ऐकत बसतो. त्या नोंदीत कोणते घटक कोणत्या पुराव्यावर वगळले, तो सध्या नेमका कुठे अडतो, अडल्यावर कोणत्या प्रकारच्या सूचनेने पुढे सरकतो आणि कोणता प्रश्न अजून सुटायचा राहिला आहे, एवढे असावे. ती नोंद त्यालाही वाचायला द्यावी, आणि त्यातले काही त्याला चुकीचे वाटत असेल तर त्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत खाली लिहवून घ्यावे.